घरटी एक मत

४ ऑगस्ट १९९८, मंगळवार. शारजा.

रंगाच्या कंपनीकडून फुकट आलेली ही डायरी सात महिने कोरी होती, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आज घडलं. आमच्या दोन्ही मालकांनी एकमेकांशी बोलणं सोडलं आणि मला वेगवेगळं केबिनमध्ये बोलावून विचारलं, "सूर्या, यू आर विथ मी, नो?" मी दोघांनाही यस सर म्हटलं.

आमची कंपनी बंदरात येणाऱ्या जहाजांना रंग, दोरखंड असलं सामान पुरवते. मालक दोघेही माल्टाचे. माल्टा हा युरोपातला एवढासा देश, नकाशात इटलीच्या खाली जो ठिपका दिसतो तो. मोठे मालक स्पिटेरी, धाकटे ग्रेक. ग्रेकची बहीण रीटा स्पिटेरींना दिलेली आहे, म्हणजे हे दोघे सख्खे मेहुणे. तर तिकडे सरकार पडलंय आणि पाच सप्टेंबरला संसदेची निवडणूक आहे. स्पिटेरी निळ्या पक्षाचे, ग्रेक लाल पक्षाचे. एरवी एकमेकांच्या ताटातलं खाणारी माणसं. आज ग्रेकनी स्पिटेरींचा निळा कॉफीचा मग उचलून कचऱ्यात टाकला.

इथे बसून मत देता येत नाही, माल्टालाच जावं लागतं. मतदानासाठी परदेशातून येणाऱ्यांना म्हणे विमानाचं तिकीट अगदी स्वस्तात देतात. दोघेही जायचं म्हणतायत. दोन वर्षांपूर्वीही गेले होते. परत आल्यावर हरलेल्या पक्षाच्या मालकाने भागीदारी मोडायची नोटीस दिली होती, ती मी हातापाया पडून मागे घ्यायला लावली. या वेळी मोडली तर कंपनीचं लायसन्स जाईल, त्यामागून माझा व्हिसा जाईल आणि आम्ही तिघं अल मजाजचा फ्लॅट सोडून परत ठाण्याला.

रात्री जेवताना हे सगळं बायकोला, सुनेत्राला सांगितलं. ती म्हणाली, "आईच्या डोळ्याचं ऑपरेशन सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ठरलंय. मी महिनाभर सांगलीला जाऊन येईन म्हणते." माणूस काय सांगतोय आणि आपण काय बोलतोय, याचा काही मेळ?

७ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. सकाळी मंडळाची मीटिंग. मी तीन वर्षं आमच्या महाराष्ट्र मंडळाचा सेक्रेटरी आहे. या वर्षी अध्यक्षपदाला उभा राहतोय. समोर उपेंद्र. बँकेत आहे, कोथरूडचा आहे आणि या दोन्ही गोष्टी तो दर वाक्यात सांगतो. मतदान ११ सप्टेंबरला.

मंडळात घरटी एक मत असतं. हा नियम माझाच. आधी नवराबायको दोघं मत द्यायचे, मोजणीला वेळ लागायचा, जेवण थंड व्हायचं. मी म्हटलं, एका घरात दोन मतं हवीत कशाला? एकच असतं की. सगळ्या पुरुषांना ते पटलं.

सुनेत्राला सांगितलं की सांगलीचं या वर्षी जमणार नाही. आपल्याकडे प्रथाच आहे, अध्यक्षांची बायको भोंडल्याची नऊ दिवसांची खिरापत करते आणि दिवाळीचा फराळही तिच्याच देखरेखीखाली होतो. मी निवडून आलो आणि ती सांगलीला, हे कसं दिसेल? ती म्हणाली, "तुम्ही सेक्रेटरी होतात म्हणून तीन वर्षं गेले नाही."

"म्हणून तर म्हणतो. तीन वर्षं थांबलीस, आणखी एक."

"आणि निवडून नाही आलात तर?"

"तर जा की. पण तसं होणार नाही."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

९ ऑगस्ट, रविवार

आज मी जे केलं ते लिहून ठेवायलाच हवं, पुढे कुणी विश्वास ठेवणार नाही.

दोन्ही मालकांना एकत्र बसवलं. म्हटलं, सर, तुम्ही गेलात की एक मत निळ्याला. ते गेले की एक मत लालला. तुमचं मत त्यांनी खाल्लं, त्यांचं तुम्ही खाल्लं, बेरीज शून्य. मग विमानाने जाऊन करायचं काय? दोघांनीही जाऊ नका. हिशेब तोच, वर कंपनीही शाबूत.

मग स्पिटेरी म्हणाले, "हा चोरून गेला तर?" ग्रेक म्हणाले, "हाच जाईल." यावरचा उपायही माझ्याकडे तयार होता. आमच्या कंपनीत सगळ्या नोकरांचे पासपोर्ट मालकांच्या तिजोरीत असतात. मी म्हटलं, या वेळी मालकांचे पासपोर्ट तिजोरीत आणि किल्ली नोकराकडे. अकरा वर्षं माझा पासपोर्ट मी यांच्याकडे मागून घेतोय. आज दोघांचे माझ्या हातात आले तेव्हा मी ते जरा वेळ नुसतेच धरून बसलो होतो.

घरी येऊन सुनेत्राला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "आणि रीटाचं मत कोण खाणार?"

मी हसलो. रीटाबाईंचा काय संबंध? त्या घर सांभाळतात. आमची लेक आभा टीव्हीसमोरून म्हणाली, "बट बाबा, शी इज अल्सो अ सिटिझन." ही चौदा वर्षांची आहे आणि शाळेत सिव्हिक्स शिकते, त्याचा हा परिणाम.

१७ ऑगस्ट, सोमवार

आठवडाभर किल्ली मागण्याचे प्रयोग चालू आहेत. स्पिटेरींना अचानक सायप्रसचं रंगाचं प्रदर्शन बघायचंय. ग्रेकची दाढ दुखतेय आणि तिचा इलाज फक्त माल्टातल्या एका डॉक्टरला येतो. मी म्हटलं, सर, दुबईत चांगले डेंटिस्ट आहेत, अपॉइंटमेंट घेऊ का? ते म्हणाले, "खलास, सूर्या. इट इज बेटर नाऊ."

किल्ली कुठे ठेवतोस असं दोघांनीही सहज विचारलं. मी सांगून टाकलं की घरी देव्हाऱ्यात, गणपतीच्या पायाशी. देवापाशी हात घालायची कुणाची छाती होणार?

रीटाबाईंनी मात्र शहाणपणा दाखवला. परवा फोनवर म्हणाल्या, "सूर्या, माझ्या नवऱ्याला आणि भावाला तू बरोबर बसवलंस. दोघांनाही इथून हलू देऊ नकोस." बाई समंजस आहे. हल्ली सुनेत्राशी तिची गट्टी जमलीय. सुनेत्राचं इंग्रजी आणि रीटाबाईंचं इंग्रजी, काय बोलत असतील देव जाणे. तासतास चालतं.

२५ ऑगस्ट, मंगळवार. गणेश चतुर्थी.

घरी गणपती. आमचा पितळी आहे, विसर्जन बादलीत नावापुरतं. मंडळाची सगळी मतदार कुटुंबं येऊन गेली. विजयकुमारने सात मोदक खाल्ले. हा माझा हक्काचा माणूस, मत कुठे जाणार विचारायचीही गरज नाही.

संध्याकाळी दोन्ही मालक आले, रीटाबाईंसह. कधी नव्हे ते दोघांनाही आमच्या देवाबद्दल विलक्षण ओढ वाटलेली दिसली. स्पिटेरींनी मखराजवळ गुडघे टेकले आणि फुलं सारखी करायला लागले. दूर्वा उचलून बघितल्या, पाटाखाली हात फिरवला. तेवढ्यात ग्रेक शेजारी येऊन बसले आणि साष्टांग नमस्कार म्हणजे काय ते दाखवा म्हणाले. घातला तो इतका सावकाश की डोकं मखराच्या मागेच गेलं. दोघांची टक्कर झाली. सुनेत्राने दोघांच्या हातात प्रसादाच्या वाट्या दिल्या, तेव्हा कुठे उठले. परक्या धर्माची माणसं, पण भक्ती बघून मला गहिवरून आलं.

किल्ली त्या वेळी तिथे नव्हती. सुनेत्राने सकाळीच उचलून तांदळाच्या डब्यात ठेवली होती. म्हणाली, "आज गर्दी असते." तिला असं काही सुचतं कधीकधी.

रीटाबाई सगळा वेळ स्वयंपाकघरात होत्या. मोदकाच्या कळ्या पाडायला शिकल्या. त्या दोघींचं हसू बाहेर ऐकू येत होतं.

३१ ऑगस्ट, सोमवार

रीटाबाई परवा माल्टाला चालल्यात. त्यांच्या आईचा गुडघा दुखतोय. मी स्पिटेरींना म्हटलं, सर, अवश्य पाठवा, आई ती आईच. त्यांना काही हरकत नव्हती. बायको नसली की घरी फुटबॉल बघता येतो. ग्रेकही खूश. आईकडे कुणीतरी जायलाच हवं होतं.

तिकीट आमच्या शौकतकडून काढलं. शौकत रत्नागिरीचा, रोला भागात त्याची ट्रॅव्हल एजन्सी आहे. फोनवर म्हणाला, "सूर्यकांतभाई, जाऊनयेऊन साडेतीनशे दिरहम."

"साडेतीनशे? म्हणजे जेमतेम चार हजार रुपये? मुंबईचं तिकीट याच्या तिप्पट होतं."

"आता मिळतंय त्या भावात तर घ्यावं. वहिनींनी कागद पण आणून दिले व्यवस्थित."

कोकणी माणूस नात्याला किती जागतो. आमच्या ओळखीवर एवढी सवलत. सुनेत्रा त्याच्या ऑफिसात आंब्याच्या लोणच्याची बरणी द्यायला म्हणून गेली होती, ती दीड तासाने परत आली. लोणचं द्यायला दीड तास. बायकांच्या गप्पा.

२ सप्टेंबर, बुधवार

रीटाबाईंना विमानतळावर सोडायला मीच गेलो. म्हटलं, मॅडम, तिकडे निवडणुकीची धामधूम असेल. सभा, मिरवणुका. सांभाळून. त्या म्हणाल्या, "काळजी करू नकोस. मी फक्त दोनच ठिकाणी जाणार, आईकडे आणि आमच्या गल्लीतल्या शाळेत."

लहानपणीच्या शाळेबद्दल माणसाला ओढ असतेच. मला माझी ठाण्याची शाळा आठवली.

५ सप्टेंबर, शनिवार

माल्टात मतदान. दोन्ही मालक सकाळी सातपासून ऑफिसात समोरासमोर, एकमेकांना राखत बसले. जेवायलाही एकत्र गेले. मी मधे बसलो होतो. दुपारी फॅक्स वाजला की तिघंही दचकत होतो. पण शांतता राहिली आणि याचं श्रेय कुणाला जातं ते मी इथे लिहीत नाही.

७ सप्टेंबर, सोमवार

निळा पक्ष आला. स्पिटेरींनी सकाळी बकलाव्याच्या मिठाईचा डबा आणला. ग्रेकनी एक तुकडाही घेतला नाही, पण भांडण नाही. म्हणाले, "आम्ही गेलो असतो तरी हेच झालं असतं. सूर्या बरोबर होता." मी मान खाली घालून बकलावा खाल्ला.

अकरा वाजता ग्रेकना चुलतभावाचा फोन आला. निवडणुकीच्या गप्पा झाल्या आणि तो जाता जाता म्हणाला, रीटा शाळेत मत द्यायला आली होती, छान दिसत होती.

नंतर जे झालं ते लिहायला हात धजत नाही. ग्रेक ओरडले, तुझी बायको, म्हणजे तूच पाठवलंस. स्पिटेरी ओरडले, तुझी बहीण, आईच्या गुडघ्याचं कारण तुमच्या घरातून आलं. दहा मिनिटांत भागीदारी मोडायच्या गोष्टी निघाल्या. वकिलाला फोन लावायला मला सांगितलं. मी नंबर सापडत नाही म्हणून तीनदा टेलिफोन डिरेक्टरी चाळली. माझ्या डोळ्यांपुढे ठाण्याचा तो दोन खोल्यांचा फ्लॅट दिसत होता. खरंच घाबरलो होतो. आभाची दहावी दोन वर्षांवर आहे.

मग मला सुचलं. आधी स्पिटेरींच्या केबिनमध्ये गेलो, दार लावलं. "सर, ती तुमची बायको आहे. मत कुणाला दिलं असेल?" ते थांबले. हळूहळू चेहरा फुलला. "निळ्याला. ऑफ कोर्स. वीस वर्षांचा संसार आहे." म्हटलं, मग ग्रेकसरांना कशाला दुखवायचं? तुम्ही तर एका मताने पुढे आहात. नंतर ग्रेककडे. "सर, ती तुमच्या वडिलांची मुलगी आहे. मत कुणाला दिलं असेल?" ग्रेकच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील गोदीत कामगार होते, घरात भिंतसुद्धा लाल होती म्हणे. "ब्लड इज ब्लड, सूर्या. पण त्याला सांगू नकोस. बिचारा वाईट वाटून घेईल."

दुपारी दोघं एकत्र जेवले. दोघंही एकमेकांकडे दयेने बघत होते. कंपनी वाचली.

रात्री सुनेत्राला सगळं रंगवून सांगितलं. ती हसत सुटली, डोळ्यांना पदर लावायची वेळ आली. मग म्हणाली, "आणि रीटाने खरं कुणाला दिलं?"

"ते तिला विचारायचं कोणी?"

"हो ना. तेच म्हणते मी."

९ सप्टेंबर, बुधवार

रीटाबाई आल्या. विमानतळावर नवरा आणि भाऊ दोघं फुलं घेऊन हजर. आईचा गुडघा एकदम बरा आहे. सुनेत्रासाठी चिक्कीसारखी काहीतरी मिठाई आणलीय. मला म्हणाल्या, "तुझ्यामुळे यांची दोन मतं घरी राहिली. माझं एकटीचं मोजलं गेलं." मी म्हटलं, माय प्लेझर, मॅडम.

११ सप्टेंबर, शुक्रवार

मंडळाची निवडणूक. हॉटेलचा हॉल, दहा वाजता मतदान. उमेदवाराने दारात हात जोडून उभं राहायचं असतं, शेवटचा मतदार येईपर्यंत हलायचं नाही. त्यामुळे आमच्या घरचं मत द्यायला सुनेत्रा आत गेली. निळी पैठणी नेसली होती. मला म्हणाली, "चिठ्ठीवर नाव लिहून घडी घालायची, एवढंच ना?" मी म्हटलं, एवढंच, आणि स्पेलिंग चुकू नकोस.

एका मताने हरलो.

उपेंद्रने भाषण केलं. त्यात बँक दोनदा आली, कोथरूड तीनदा. मला मिठी मारून म्हणाला, "वहिनींचे आभार मानायला हवेत, तुमच्या सेक्रेटरीपदाच्या काळात त्यांनी फार केलं." हे बोलताना तो सुनेत्राकडे बघून हसला. जखमेवर मीठ चोळायची रीत.

फार वाईट वाटलं. परत येताना गाडीत सुनेत्राने सिग्नलला माझ्या हातावर हात ठेवला. ती अशी भर रस्त्यात कधी ठेवत नाही.

१३ सप्टेंबर, रविवार

कोण फुटलं याचा विचार करतोय. एकच मत फिरलंय. एक फिरलं नसतं तर मीच एका मताने आलो असतो. घरचं सोडून बाकी सगळी मतं पुन्हा पुन्हा तपासली. संशय विजयकुमारवर येतो. मतमोजणीनंतर तो माझी नजर चुकवत होता आणि पुलाव दोनदा घेऊन गेला. आज सुपरमार्केटमध्ये समोर आला, मी सरळ डाळींच्या रांगेत वळलो. सात मोदक.

शिवाय पितृपक्षात निवडणूक ठेवली, हेही चुकलंच.

१४ सप्टेंबर, सोमवार

शौकतचा फोन. "वहिनींचं सतराचं मुंबईचं तिकीट कन्फर्म झालं, यल्ला, चला, घेऊन जावा."

"सतरा? कधी काढलं?"

"ऑगस्टातच की. त्या गोऱ्या बाईंच्या तिकिटाबरोबरच. दोघी एकत्रच आल्या होत्या."

संध्याकाळी सुनेत्राला म्हटलं, "अगं, मी निवडून आलो असतो तर तिकीट फुकट गेलं असतं ना."

"नसतं गेलं," ती म्हणाली आणि कोथिंबीर निवडत राहिली.

बायकांचा देवावर फार विश्वास असतो. आपल्याला तो जमत नाही. आभा डोकं उशीत खुपसून हसत होती, टीव्हीवर काहीतरी विनोदी असावं. बंद होता बहुतेक.

१७ सप्टेंबर, गुरुवार

सुनेत्रा गेली. विमानतळावर रीटाबाईही आल्या होत्या. दोघी गळ्यात पडल्या. आत जाताना सुनेत्राने विचारलं, "एका मताचं अजून लागलंय का मनाला?"

म्हटलं, "लागणारच. एक मत म्हणजे लहान गोष्ट नाही."

"तुम्हीच तर सांगितलंत माल्टावाल्यांना, एकाने दुसऱ्याचं खाल्लं की बेरीज शून्य." मग तिने माझी कॉलर सारखी केली, डाळीला फोडणी आधी की नंतर ते पुन्हा सांगितलं आणि गेली. काचेपलीकडून हात हलवताना ती कॉलेजातल्या मुलीसारखी दिसत होती. तीन वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. पाठवायलाच हवं होतं हिला आधी, असं वाटून गेलं.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

सांगलीला फोन लावला. सासूबाईंची पट्टी निघाली, सगळं स्वच्छ दिसतंय. स्वतः फोनवर आल्या. म्हणाल्या, "जावईबापू, सुनेत्राने सगळं सांगितलं. माझ्यासाठी तुम्ही अध्यक्षपद सोडलंत. पट्टी काढल्यावर लेक समोर दिसली हो. एवढं कोण करतं?"

मी नाही म्हटलं नाही. इतक्या आनंदात असलेल्या बाईंना दुरुस्त कशाला करायचं?

रात्री डाळ करपली. आभा म्हणाली, "बाबा, यू रियली डोंट नो, डू यू?" मी म्हटलं, कळतं, जिरं उशिरा टाकलं.

पुढच्या वर्षी मी पुन्हा उभा राहणार. आत्तापासूनच तयारीला लागलोय. घरचं एक मत पक्कं आहे, बाहेरून फक्त आणखी एक मिळवायचं. आणि सासूबाईंचा दुसरा डोळा कधी करायचाय ते सुनेत्राला फोन करून विचारायला हवं, म्हणजे तारखा एकमेकींच्या आड येणार नाहीत.